डिझेल तेच, जहाजंही तेवढीच, मग द्राक्षांच्या कंटेनरचं भाडं एकदम का चढतं?

मी नाशिकहून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या निर्यातमालाची बुकिंगं करतो. तुमचा प्रश्न दर हंगामात बागायतदारही विचारतात. जहाजं किती आहेत यापेक्षा एक फेरा किती दिवसांचा आहे, ते बघा.

डिसेंबर २०२३ घ्या. लाल समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवरचे हल्ले वाढले आणि मर्स्क, हापाग-लॉइडसारख्या मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपातल्या रॉटरडॅम बंदराला जायला दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले, परतताना तेवढेच. दर आठवड्याला एक जहाज सोडायचं आणि जाऊन-येऊन फेरा दहा आठवड्यांचा असेल, तर दहा जहाजं लागतात. फेरा तेरा आठवड्यांचा झाला की तेरा लागतात. ती नसली की काही आठवडे जहाज येतच नाही. जहाजं तेवढीच राहिली, तरी जागा कमी झाली. त्यात रिकामे रीफर, म्हणजे थंड कंटेनर, परत यायलाही उशीर. भाडं चढतं ते इथे.

रस्त्यावरच्या गाड्यांच्या मागणीला धक्का बसला तो वेगळ्याच दिशेने. ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उघडली. पिंपळगाव-लासलगाव या कांद्याच्या पट्ट्यातून बंदराकडे धावणाऱ्या गाड्यांना माल उरला नाही. त्यामुळे जानेवारीत द्राक्षं सुरू झाली तेव्हा न्हावा शेव्यापर्यंतची गाडी फोन केल्यावर लगेच मिळायची, भाव करूनही मिळायची. पुढे जहाजात मात्र जागा नव्हती. एकाच मालाचं रस्त्याचं भाडं उतरलेलं आणि समुद्राचं चढलेलं!

द्राक्षाला थांबता येत नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवता येतो. द्राक्ष तोडलं की प्रीकूलिंग करून, म्हणजे आधी थंड करून, निघायलाच हवं. वाट लांबली की देठ वाळतो, मणी गळतात, आणि तिकडे उतरल्यावर भाव कापला जातो. म्हणजे बागायतदार भाडंही जास्त देतो आणि दरही कमी घेतो. त्या हंगामात मी ओळखीच्या बागायतदारांना तोडणीची तारीख जहाजाची तारीख पक्की झाल्यावरच ठरवायला सांगत होतो.

तुम्ही यंदा पाठवणार असाल तर बुकिंग करताना भाड्याबरोबर दोन गोष्टी विचारून घ्या: जहाज सुएझमार्गे जाणार की वळसा घालून, आणि रिकामा रीफर डेपोत आत्ता उभा आहे की अजून यायचाय.