बेनी कार्टर यांनी नेमके लिहिले काय?

प्रश्न : आमचे घरचे बँडपथक लग्नसराईत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवते, मी त्यात ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो. आमच्याकडे सगळी वाद्ये गाण्याची चाल एकत्रच वाजवतात. बेनी कार्टर हे जॅझमधले सॅक्सोफोनवादक आणि थोर अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारे, होते, असे वाचनात आले. जॅझ जर आयत्या वेळी सुचेल तसे वाजवायचे असते, तर त्यात अरेंजरला काम काय उरते?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : काम भरपूर उरते, आणि ते पाहायला कार्टर यांच्यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. 1907 मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेले कार्टर बरेचसे स्वतःच्या बळावर शिकले आणि पंचविशी गाठण्याआधीच फ्लेचर हेंडरसन यांच्या नामांकित वाद्यवृंदासाठी लिहू लागले. अशा वाद्यवृंदात सॅक्सोफोनवाल्यांची एक रांग असे. कार्टर त्या सगळ्या रांगेला एकाच लयीत, पण प्रत्येकाला वेगळा स्वर देऊन, अशी वळणे घेत नेत की एकच वादक मनात येईल तसे वाजवतो आहे आणि त्याच्या वाद्यातून चार स्वर निघत आहेत, असा भास व्हावा.

हे कागदावर उतरवणे किती किचकट असते, हे आपल्याला ऑल्टोवरून कळेल. कागदावर पांढरी एक लिहिली, तर ऑल्टोतून काळी दोन ऐकू येते आणि टेनरमधून, म्हणजे ऑल्टोहून खर्जातल्या सॅक्सोफोनमधून, काळी पाच. म्हणजे कानाला हवा असलेला मेळ आधी डोक्यात ऐकायचा आणि मग प्रत्येक वाद्याच्या पट्टीत तो वेगवेगळा लिहायचा.

1935 मध्ये ते युरोपला गेले, लंडनमध्ये बीबीसीच्या नृत्यवृंदासाठी त्यांनी लेखन केले, आणि 1937 मध्ये पॅरिसला टेनरवादक कोलमन हॉकिन्स यांच्याबरोबर दोन ऑल्टो व दोन टेनर असा संच घेऊन काही ध्वनिमुद्रणे केली. हाच संच त्यांनी 1961 मध्ये ‘फर्दर डेफिनिशन्स’ या तबकडीसाठी पुन्हा जमवला. हॉकिन्स याही वेळी होते. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातल्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये आहे. हॉकिन्स यांनी 1939 मध्ये या गाण्यावर जे उत्स्फूर्त वादन केले होते, ते जॅझमध्ये दंतकथेसारखे झाले होते. कार्टर यांनी त्यातल्या ओळी चार सॅक्सोफोनसाठी लिहून काढल्या. एकदा सुचलेले असे नोटेशनमध्ये आले, आणि ज्यांना ते सुचले होते, तेच त्या चौघांत बसून ते वाजवत होते!

मधल्या काळात कार्टर लॉस एंजेलिसला स्थायिक झाले आणि चित्रपटांसाठी लिहू लागले. तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या संघटना वेगळ्या होत्या. 1953 मध्ये त्या एक झाल्या, त्यामागे कार्टर यांचाही मोठा वाटा होता. ते ट्रम्पेटही उत्तम वाजवत. 2003 मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे ऑल्टोवादन काहींना अतिनेटके वाटते. मला मात्र त्यातही अरेंजरच ऐकू येतो, कारण प्रत्येक वाक्य कुठे संपवायचे हे ठरवूनच ते सुरू केलेले असते.

आपल्या पथकात हे करून पाहायचे असेल, तर एखाद्या चित्रपटगीताच्या मुखड्याच्या दोनच ओळी घ्याव्यात. ऑल्टोने चाल धरावी, टेनरने बहुतेक ठिकाणी चालीच्या स्वराखालचा तिसरा स्वर धरून तिच्याच लयीत चालावे, आणि ओळीच्या शेवटी दोघांनी श्वास एकाच जागी तोडावा. भीमपलासीसारख्या रागावर घट्ट बांधलेली चाल मात्र यासाठी निवडू नये. तिला अशी भर सोसत नाही. टेनरचा कागद त्याच्या पट्टीत आधी लिहून घ्यावा, कारण मिरवणुकीत ढोलाच्या दणदणाटात तो हिशेब करणे कोणालाही जमायचे नाही.