रस्त्यात पडलेला अनोळखी माणूस: वाचकांचे प्रश्न

अनोळखी माणसाला मदत करताना हात का आखडतो, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न: चाकणच्या बाजूला रोज दुचाकीवरून कामाला जातो. अपघात झाला की तीस-चाळीस माणसं जमतात, निम्मे मोबाइलवर चित्रण करतात. जखमीला हात मात्र कोणी लावत नाही. माणसांतली दयाच आटली का?
(कारखान्यातील कामगार, राजगुरुनगर)

उत्तर: दया आटलेली नाही, असं आम्ही ठामपणे म्हणू. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी इंटरकॉमवर बोलत असताना त्यांतल्या एकाला फिट आल्याचा आवाज येई. हे आपण एकट्यानेच ऐकलं असं ज्यांना वाटलं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण फिट थांबायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघेही ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले उठले फक्त ३१ टक्के. न उठलेलेही निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कोणीतरी बघेल.

तुमच्या रस्त्यावरच्या घोळक्याचंही हेच होतं. म्हणून ‘अरे, कोणीतरी अँब्युलन्स बोलवा’ असं ओरडू नका. ते ‘कोणीतरी’ कोणीच नसतं. एकेकाकडे बोट दाखवून काम सांगा. ‘निळा शर्टवाले दादा, १०८ लावा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा.’ ‘काका, मागे जाऊन गाड्यांना हात दाखवा.’ ‘ताई, ओढणी द्या.’ चित्रण करणाऱ्यावर चिडण्यात वेळ जातो. त्याला म्हणा, ‘भाऊ, तोच मोबाइल इकडे धर, उजेड हवाय. आणि धडक देणाऱ्या गाडीचा नंबर तेवढा टिपून ठेव.’ नेमकं काम हातात आलं की बहुतेक माणसं ते करतात.

प्रश्न: वडील नेहमी सांगायचे, रस्त्यावरच्या भानगडीत पडू नकोस, पोलीस तुलाच धरतील आणि कोर्टाच्या फेऱ्या मारत बसशील. आता कायदा बदलला असं ऐकते. नक्की काय बदललं?
(गृहिणी, सांगली)

उत्तर: वडिलांची भीती खोटी नव्हती. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०१३ मधल्या देशव्यापी पाहणीत ७४ टक्के लोकांनी अपघातग्रस्ताला आपण मदत करण्याची शक्यता कमीच, असं सांगितलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांना पोलीस-कोर्टाचाच धाक होता. त्याच संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याखालचे नियम.

आज स्थिती अशी आहे. जखमीला रुग्णालयात पोचवून तुम्ही लगेच निघून जाऊ शकता. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. स्वतःहून सांगायचं असेल तर सांगा. चांगल्या हेतूने मदत करताना हातून चूक झाली, किंवा तो माणूस दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. साक्षीदार व्हायला तुम्ही राजी झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, तुमच्या घरी किंवा कामाच्या जागी घ्यायचा, अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत यायचं आणि शक्यतो एकाच बैठकीत काम संपवायचं, असं नियम सांगतो. हे हक्क लिहिलेला फलक प्रत्येक रुग्णालयाने, खाजगी असलं तरी, दर्शनी भागात स्थानिक भाषेत लावायचा आहे.

घोळ होतो तो रुग्णालयाच्या खिडकीवर. तिथल्या माणसाला नियम माहीत नसतो, तो सवयीने डिपॉझिट मागतो. शांतपणे म्हणा, ‘मी नातेवाईक नाही, रस्त्यावरून आणलंय. कलम १३४अ.’ दाखल करण्याचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत, आणि पैशांसाठी उपचार थांबवणं तर चालतच नाही; अपघातग्रस्तावर तातडीने उपचार करणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. एक जपा: घाईत ‘नातेवाईक’ किंवा ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात सही करू नका. बिलासाठी पुढे तुमच्यामागे लागतात ते त्या सहीमुळे.

२०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोख मिळण्याची केंद्राची योजना आहे. त्यासाठी अपघाताची पोलिसांकडे नोंद लागते, म्हणून १०८ नंतर ११२ लाही फोन करा. कलम १३४अ चं संरक्षण मात्र त्रयस्थ मदतनीसालाच आहे. अपघातात तुमचीच गाडी असेल, तर जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कलम १३४ प्रमाणे तुमच्यावर बंधनकारकच आहे.

प्रश्न: मदत करायची इच्छा आहे, पण चुकीचा हात लागून नुकसान झालं तर? नेमकं काय करावं?
(शिक्षक, सिन्नर)

उत्तर: बहुतेक नुकसान घाईने होतं. आधी स्वतःची गाडी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा. वळणावर अपघात असेल तर एकाला वळणाच्या अलीकडे उभा करा. दुसरी गाडी येऊन मदत करणाऱ्यांनाच उडवते, असं वारंवार घडतं.

मग १०८. फोनवर रस्त्याचं नाव, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, गाडी कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहे, किती जखमी आणि कोणी अडकलंय का, एवढं सांगा. ‘ढाब्याजवळ’ म्हणून भागत नाही, त्या रस्त्यावर दहा ढाबे असतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही चालतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. निदान दहा मिनिटं सोडू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. ‘थांबलं का बघू’ म्हणून उचललं की जमू लागलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. काच, सळई आत रुतली असेल तर उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या.

पाणी पाजू नका. आपल्याकडे सगळ्यात आधी बाटली पुढे येते, आणि ती मायेपोटीच येते. पण अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जातं. शिवाय शस्त्रक्रिया करायची झाली तर भूल देताना पोट रिकामं हवं. तहान लागली म्हणाला तर ओल्या रुमालाने ओठ टिपा.

हातापायांना धरून उचलणं आणि रिक्षात दुमडून बसवणं, ही दुसरी मोठी चूक. मानेचा मणका दुखावलेला असेल तर त्या एका हिसक्याने माणूस जन्माचा लुळा होऊ शकतो. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर जागेवरच ठेवा. एकाने डोक्यापाशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका, फक्त काच वर करा. रुग्णवाहिका येणारच नसेल तर फळी, दार, बाज, जे सपाट मिळेल त्यावर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी एकदम सरकवा.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि तोंडात रक्त किंवा उलटी आहे, तर सबंध अंग एकसंध ओंडक्यासारखं कुशीवर वळवा. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध, हाडावर, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. हे थकवणारं काम आहे. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

आणि त्याच्याशी बोला. नाव विचारा, घरचा नंबर विचारा, ‘मी इथेच आहे’ म्हणा. याला प्रशिक्षण लागत नाही.

प्रश्न: रात्री एकटी गाडी चालवते. घाटात कोणी पडलेलं दिसलं किंवा हात केला, तर थांबावं का? लुटीच्या बातम्या वाचून धीर होत नाही.
(नोकरदार महिला, चिपळूण)

उत्तर: उतरू नका. दारं बंद ठेवून पुढे जा, पण दगडावरचा आकडा बघून ठेवा. उजेड आणि माणसं असतील अशा जागी, टोलनाका किंवा पेट्रोलपंपावर, थांबून लगेच १०८ आणि ११२ ला कळवा. टोलनाक्यावरच्या माणसालाही सांगा. ‘मी थांबले नाही’ हा सल मनात ठेवू नका. काळोख्या घाटात तुमचा तो फोन हीच बऱ्याचदा पहिली मदत असते.

प्रश्न: एसटी स्टँडवर कोणी ‘एक फोन लावू द्या’ किंवा ‘रोख द्या, मी जीपे करतो’ म्हणालं तर नाही म्हणायचं का?
(निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर)

उत्तर: सरसकट नाही म्हणू नका, खरोखर अडलेली माणसं स्टँडवर रोज असतात. मोबाइल त्याच्या हातात न देता नंबर तुम्ही लावा आणि स्पीकरवर बोलू द्या. नंबरची सुरुवात चांदणीच्या चिन्हाने होत असेल तर लावू नका. तशा कोडने तुमचे फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळवले जातात आणि ओटीपीही त्या वाटेने जाऊ शकतो. रोख देताना त्याच्या पडद्यावरची हिरवी खूण धरू नका, तशी बनावट अ‍ॅप आहेत. तुमच्या खात्यातली शिल्लक तुम्हीच बघा आणि मगच पैसे द्या. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

आणि त्याला तिकिटाचेच पैसे हवे असतील, तर खिडकीवर सोबत जाऊन तिकीट काढून द्या.