माझा फोन चोरीला गेला. नोंद झाली 'गहाळ'

प्रश्न : ताई, माझा मुलगा डेटा सायन्स शिकतो. तो म्हणतो, संगणकात अख्खं शहर माणसांसकट उभं करून कुठल्या भागात गुन्हे वाढतील ते आधी सांगता येतं. मला काही पटेना. नसलेल्या माणसांवरून खऱ्या चोरीचा अंदाज कसा बांधणार? – एक वाचक, मिरज

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात २००६ च्या सुमारास 'सिमक्राइम' नावाचं असं मॉडेल झालं होतं. जनगणनेत वस्तीवस्तीच्या बेरजा मिळतात : भाडेकरू किती, बेरोजगार किती, एकटे राहणारे किती. पण घरफोडी कुणाकडे झाली हे जनगणना विचारत नाही. त्यासाठी ब्रिटनमध्ये १९८२ पासून वेगळी पाहणी होते. घरी येऊन विचारतात, वर्षभरात तुमच्याकडे चोरी झाली का, आणि पोलिसांना कळवलंत का? या पाहणीतली माणसं संगणक एकेका वस्तीत बसवून बघतो. बेरीज जुळली नाही की एकाला काढून दुसऱ्याला बसवतो, जुळेपर्यंत. वस्तीतली माणसं अशी उभी राहतात, आणि चोरीबद्दलची त्यांची उत्तरंही सोबत येतात; त्यावरून कुठल्या वस्तीत किती घरफोड्या होत असतील, याचा अंदाज बांधता येतो.

पुढे तिथल्याच निक मॅलेसन या संशोधकांनी संगणकातला चोर हलता केला. त्याला झोप लागते, पैसे लागतात, व्यसन भागवावं लागतं. जाता-येता नजरेखालून गेलेल्या घरांतलं आडोशाचं घर तो हेरतो. वस्तीचा पुनर्विकास झाला तर घरफोड्या कुठे सरकतील, हे असं आधी करून बघता येतं. मला हा उपयोग खरंच चांगला वाटतो.

पण मी वर्गात नेहमी सांगायचे ते उदाहरण ओकलंडचं, कॅलिफोर्नियातलं. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी २०१६ मध्ये ते मांडलं. ओकलंडची अशीच बेतलेली लोकसंख्या घेऊन त्यांनी तिला अमली पदार्थांच्या राष्ट्रीय पाहणीतली उत्तरं जोडली. नशा करणारे जवळपास शहरभर पसरलेले निघाले. मग पोलिसांच्या २०१० च्या नोंदी पाहिल्या, तर कारवाया मुख्यतः वेस्ट ओकलंड आणि इंटरनॅशनल बुलेव्हार्डच्या आसपास, म्हणजे गरीब, गोरेतर वस्त्यांत. याच नोंदी त्यांनी 'प्रेडपोल' या अंदाज सांगणाऱ्या पद्धतीत घातल्या. तिने गस्त पुन्हा त्याच गल्ल्यांत धाडायला सांगितलं. नशेचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं असताना कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ही गस्त गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आली असती. गस्त गेली की नोंदी वाढतात, आणि नोंदी वाढल्या की पुन्हा गस्त तिकडेच. नसलेल्या माणसांचा उपयोग इथे कसा झाला बघा. पोलिसांची वही कुठे रिकामी आहे, ते या माणसांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे ती किती रिकामी असते, ते मी स्वतः पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी एसटीत चढताना माझ्या पर्समधून फोन गेला. पर्सची चेन उघडी, फोन नाही. पोलीस ठाण्यात टेबलावरच्या हवालदारांनी शांतपणे छापील फॉर्म पुढे सरकवला : 'गहाळ झाल्याबाबत'. मी म्हटलं, "साहेब, गहाळ नाही झाला, चोरलाय." ते म्हणाले, "बाई, सिमकार्डासाठी एवढा दाखला पुरतो." तासभर बसून मी सही केली आणि घरी आले. त्या सहीचं मला अजून वाईट वाटतं, कारण तो बसथांबा त्या दिवशी कागदावर निर्धोक राहिला. शेजारचा भाजीवाला म्हणाला होता, "आठवड्यात हा तिसरा." ते तिघे कुठल्या मॉडेलला सापडणार?

म्हणून मुलाला विचारा, तुझ्या मॉडेलमधले आकडे पोलीस ठाण्यातून आलेत की लोकांच्या तोंडून? ठाण्यातून आले असतील, तर त्याने आधी आपल्याच प्रभागातली शंभर घरं फिरावीत. प्रश्न दोनच. वर्षभरात काय चोरीला गेलं? एफआयआर झाली का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारे नीट मोजायचे, आणि का नाही तेही लिहून घ्यायचं. आकडे मला कळवा, मॉडेलचं पुढचं त्याच्याशी बोलेन.