कॅमेऱ्यासमोर नक्की काय करायचं असतं?

ताई,
लग्नाला दोन वर्षं होत आली, पण आमच्यात अजून संबंध झालेला नाही. नवरा समजूतदार आहे. तरी तो जवळ आला की माझं अंग आखडतं, मांड्या आपोआप मिटतात. गायनॅककडे जाऊन सोनोग्राफी केली. आतून तपासायला घेतलं तेव्हा मी इतकी घाबरले की तपासणी झालीच नाही. ‘सगळं नॉर्मल आहे, जरा रिलॅक्स व्हा,’ म्हणाल्या. आता नवऱ्याने ऑनलाइन सेक्स थेरपिस्टची शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. कॅमेऱ्यासमोर काय करावं लागतं? कुणी रेकॉर्डिंग केलं तर? घरात सासूबाई, दीर, आणि भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. नवरा म्हणतो, तू बोल, मी बाहेर थांबतो.
— एक वाचक, इचलकरंजी

बाई गं, आधी मोठी धास्ती काढून टाकू. कॅमेऱ्यासमोर फक्त बोलायचं असतं. कपडे काढायचे नसतात, काही करून दाखवायचं नसतं, फोटो पाठवायचे नसतात. तपासणीच्या नावाखाली कुणी असलं काही मागितलं तर कॉल तिथल्या तिथे बंद कर. पुढे पैशासाठी धमकी आली तर एक रुपयाही न देता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लाव.

म्हणूनच शनिवारच्या आधी एक काम उरक. ज्यांची वेळ घेतली आहे ते कोण आहेत ते पाहा. आपल्याकडे ‘सेक्स थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे पाटीवर जाऊ नकोस, मूळ शिक्षण विचार. डॉक्टर असतील तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे तो त्यांच्या प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवर, वेबसाइटवर दिसायला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी असते. क्रमांक विचारला म्हणून चांगला माणूस रागावत नाही. आणि ‘गॅरंटीने बरं करतो, आमचा कोर्स घ्या’ म्हणणाऱ्याकडे फिरकूही नकोस.

आता पहिल्या दिवसाचं. साधारण पाऊण ते एक तास चालतं आणि त्यातला बराचसा वेळ प्रश्नांत जातो. पाळी कधी सुरू झाली, दुखते का, लघवीची जळजळ होते का, लहानपणी या विषयावर घरात काय बोललं जायचं, लग्नाआधी कुणी घाबरवलं होतं का, कधी कुणी नको तसा हात लावला होता का. हा शेवटचा प्रश्न जड जातो. ‘आज नाही सांगत’ हेही उत्तर चालतं. आणखी एक प्रश्न बहुधा येईल: तुम्हाला मूल हवंय म्हणून आलात, की एकमेकांसाठी? तुमच्या घरी ‘गोड बातमी’ची वाट बघणं सुरू झालं असणारच. या दोन गोष्टींचे रस्ते वेगळे असू शकतात, म्हणून तुम्ही दोघांनी उत्तर आधीच बोलून ठेवा.

तोंडाने सांगवत नसेल तर लिहून पाठव. या महाराष्ट्रात माणसं असले प्रश्न टपालाने विचारत आली आहेत. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत, वाचकांच्या असल्याच पत्रांना उत्तरं देत. त्यावरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. तेव्हा तू काही जगावेगळं विचारत नाहीयेस.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मला खटकली. तपासणी झालीच नाही, तर ‘सगळं नॉर्मल’ कशावरून? सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशय दिसतात. योनीच्या तोंडाशी जाड पडदा आहे का, कुठे हात लागला की आग होते का, हे त्यात कळत नाही. कॅमेऱ्यातूनही कळत नाही. त्यामुळे थेरपिस्ट तुला पुन्हा एकदा गायनॅककडे पाठवतील अशी तयारी ठेव. या वेळी आत शिरताच सांग की मागच्या वेळी जमलं नव्हतं, सावकाश घ्या, मी ‘थांबा’ म्हटलं की थांबा. ऐकणार नाहीत अशा डॉक्टरांकडे परत जाऊ नकोस.

तू लिहिलंस त्यावरून हा व्हजायनिस्मस वाटतो, पण नेमकं निदान डॉक्टरांनाच करू दे. डोळ्यापाशी काही आलं की पापणी मिटते ना, तसे तिथले स्नायू न विचारता आवळतात. मनात प्रेम असलं तरी आवळतात. म्हणून ‘रिलॅक्स व्हा’ सांगून काही होत नाही.

त्यावर उपाय म्हणून पहिल्यांदा बहुधा बंदी येईल: काही आठवडे संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही. नवऱ्याला हे ऐकून धक्का बसेल, फी भरून हेच ऐकायचं का असंही वाटेल. पण रोज रात्री परीक्षा असली की शरीर संध्याकाळपासूनच दचकून बसतं. परीक्षा रद्द झाली की मग नुसता स्पर्श करायला सांगतात. आधी पाठ, हात, केस. छाती आणि जांघा वगळून, आळीपाळीने, आणि कुठे पोहोचायचं नाही हे ठरवून. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० मध्ये हे लिहून ठेवलं, अजूनही हेच वापरतात.

तुझा एकटीचा गृहपाठ वेगळा असेल. हातातल्या आरशात स्वतःकडे बघणं (बऱ्याच जणींनी कधी बघितलेलंच नसतं), लांब श्वास सोडताना खालचे स्नायू सैल सोडायला शिकणं, मग जेल लावून स्वतःच्या बोटाचं टोक, आणि नंतर डायलेटर, म्हणजे बारीकपासून जाडपर्यंत गुळगुळीत नळ्यांचा संच. कधी थांबायचं, पुढची नळी कधी घ्यायची, हे तू ठरवायचं. कळ आली तर मागच्या पायरीवर ये. महिने लागतात. मागवशील तेव्हा पार्सल घरच्या पत्त्यावर नको, दीर दारातच फोडून बघेल. नवऱ्याच्या कामाच्या जागी मागव.

भिंतीचं मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण ते थेरपिस्टच्या हातात नाही. इयरफोन लावलास तर त्यांचं बोलणं बाहेर जात नाही, तुझं जातं. नाजूक उत्तरं चॅटमध्ये टाइप कर, तशी मुभा आधीच मागून घे. नाहीतर मैत्रिणीचं घर, किंवा गाडी असेल तर ती कुठेतरी सावलीत उभी करून दोघांनी आत बसा. सासूबाईंना ‘डॉक्टरांचा ऑनलाइन कॉल आहे’ एवढं सांगितलंस तरी ते खरंच आहे.

रेकॉर्डिंग तुझ्या परवानगीशिवाय करायचं नसतं. सुरुवातीलाच विचार: रेकॉर्ड करता का, टिपणं कुठे ठेवता, मी एकटीने सांगितलेलं नवऱ्याला सांगाल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोघांनी मिळून ऐका.

आणि तो बाहेर थांबणार नाही. सारखे प्रयत्न फसले की पुष्कळ पुरुषांनाही ताठरपणाचा त्रास सुरू होतो आणि ते कुणाजवळ बोलत नाहीत. थेरपिस्ट दोघांशी वेगवेगळंही बोलतील, पण पहिल्या कॉलला त्याला तुझ्या शेजारी बसव. त्याला हे पत्र दाखव, आणि शनिवारपर्यंत रात्रीचे प्रयत्न आजपासूनच बंद ठेवायचे, हेही सांगून टाक.