भंगारातून पहिली बुलेट करताना

भंगारातल्या सुट्या भागांपासून बुलेट मोटरसायकलचं छोटं मॉडेल करायचंय, सुरुवात कशी करू, असं विचारलंत. पहिल्याच मॉडेलला बुलेट निवडलीत, छान केलंत. तिचा आकार सरळ आहे, चार भाग बसले की ओळखू येते.

सुरुवात चाकांपासून करा. गॅरेजवाल्याकडे बाद झालेली ६२०२ नंबरची दोन बेअरिंग मागा, सहसा फुकट मिळतात. त्यांचा बाहेरचा व्यास ३५ मिमी. खऱ्या बुलेटच्या दोन आसांमधलं अंतर चाकाच्या व्यासाच्या दुपटीहून थोडं जास्त असतं, म्हणजे तुमचं ७२-७५ मिमी. हे आधी कागदावर काढा आणि प्रत्येक तुकडा त्यावर ठेवून बघा. बहुतेक नवशिके हातात येईल ते जोडत जातात आणि गाडी लांबुडकी होते. मग टाकी कितीही सुबक करा, ती बुलेट वाटत नाही.

इंजिनाला जुना स्पार्क प्लग झकास दिसतो. वेल्डिंगचा टाका फक्त त्याच्या लोखंडी भागावर मारा, पांढरी चिनीमाती उष्णतेने तडकते.

आणि हे मनावर घ्याच:
- ग्रीस रॉकेलने धुवा, पूर्ण सुकल्याशिवाय वेल्डिंग नको.
- जस्ताचा मुलामा असलेले नटबोल्ट वेल्ड करू नका, धूर विषारी असतो.
- सीलबंद शॉकॅब्सॉर्बर तापवू नका, फुटतो.
- आधी सगळीकडे छोटे टाके, गाडी सरळ उभी राहिली की मगच पक्कं.

वेल्डिंग येत नसेल तर एम-सीलनेही पहिली गाडी होते. स्पोक, केबल, रंग सध्या राहू द्या. सांगाडा उभा राहिला की फोटो टाका, पुढचं तेव्हा बघू.