पुण्यात दुचाकीवरून रोज फिरताना वापरायला चांगलं मनगटी घड्याळ कसं निवडावं?

ब्रँडच्या आधी काच आणि पाणीरोधक क्षमता बघा. मी घड्याळं दुरुस्त करतो. माझ्याकडे पावसाळ्यात सर्वाधिक घड्याळं आत पाणी गेलेलीच येतात. तबकडीवरचं ‘३० मीटर’ म्हणजे फक्त हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं. आपल्या जुलैच्या पावसासाठी किमान ५०, शक्यतो १०० मीटरचं घ्या. काच सफायरची (कृत्रिम नीलमणी) असेल तर उत्तम: मोह्स मापनश्रेणीवर तिचा कठीणपणा १० पैकी ९, त्यामुळे चाव्यांचे चरे उठत नाहीत. जोरात आपटली तर मात्र फुटते. घड्याळाची केस (बाहेरचं कवच) स्टीलची हवी, मुलामा घामाने उडतो. यंत्र क्वार्ट्झचं (बॅटरीवर चालणारं) पुरेसं. महिन्याला साधारण १५-२० सेकंदांचाच फरक पडतो. ऑटोमॅटिकची (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाची) मनापासून आवड असेल तर जरूर घ्या, पण दर काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च धरा.