छावणीत कपडे धुतलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा धुलाईला वापरलं, तर त्यातली रसायनं जवानांना बाधतात का?

मात्रा बरोबर असेल तर कपडे घालणाऱ्याला सहसा नाही. तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे पीएसी, पाण्यातला मळ गोळा करून तळाशी बसवतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली जुनी रीत, तत्त्व तेच. अ‍ॅल्युमिनियम बहुतेक गाळातच जातं. मग गाळण, आणि शेवटी जंतू मारायला सोडियम हायपोक्लोराइट. ते जास्त पडलं तर वास येतो, रंग उडतो, नाजूक कातडीला खाज सुटते.

खरी काळजी प्लांटवरच्या माणसाची. पीएसी आम्लधर्मी असतं. ते हायपोक्लोराइटमध्ये मिसळलं की लगेच क्लोरीन वायू सुटतो. डोळे झोंबतात, छातीत कोंडतं, जिवावरही बेततं. आणि हे घडतं कसं? दोन्ही कॅन सारखेच निळे, लेबल पुसलेलं, मोजायचं भांडं एकच! म्हणून मोजायची भांडी वेगळी, कॅन एकमेकांपासून लांब ठेवलेले आणि खोली हवेशीर हवी. हातमोजे, गॉगल हवेतच. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात हायपोक्लोराइटचा जोरही लवकर उतरतो, म्हणून साठा सावलीत ठेवावा.

तुम्ही देवळालीजवळ राहता म्हणून सांगतो, उरलेला गाळ नाल्यावाटे दारणा नदीत जाता कामा नये. पीएसीसोबत मळाचे कण एकत्र बांधायला वापरलेलं पॉलिमर कॅटायनिक, म्हणजे धन विद्युतभार असलेलं, असेल तर माशांना ते फार घातक.